आठवणीचा फोन

धाकटीने चाळिशी ओलांडली होती, तरी माहेरी, सासरी आणि शेजारीपाजारी ती धाकटीच राहिली. थोरल्या बहिणीने लहानपणी पाडलेलं नाव ते, चिकटलं ते चिकटलंच. तिची तक्रार नव्हती. नावाच्या आड राहिलं की कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही, हा त्यातला फायदा तिला लवकरच कळला होता.

लग्नाआधीपासून ती एका दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची. वेळा द्यायच्या, लोकांना धीर द्यायचा आणि आदल्या दिवशी फोन करून आठवण करून द्यायची. या आठवणीच्या फोनात तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. एका दमात, गोड आवाजात, समोरच्याला नाही म्हणायची फट न ठेवता ती बोलायची. डॉक्टर म्हणायचे, लोक माझ्या मशीनला घाबरून पळतात आणि हिच्या आवाजाला भुलून परत येतात. मग डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला आणि धाकटी घरी बसली.

घरी बसणं तिला मानवलं नाही. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, मुलगा शिकायला बाहेरगावी, सासूबाईंचं त्यांचं त्यांचं चाललेलं. एक दिवस कॉलेजच्या फाटकावर संध्याकाळच्या अभ्यासक्रमाची पाटी तिने वाचली. पॅरालीगल. वकील नव्हे, पण वकिलाच्या हाताखालचं सगळं काम. अशिलाची हकिगत लिहून घ्यायची, अर्जाचा मसुदा करायचा, कागद लावायचे, तारखा सांभाळायच्या, कोर्टाच्या खिडकीवर दाखल करायचं. नवऱ्याला तो शब्द शेवटपर्यंत नीट जमला नाही. तो मित्रांना सांगायचा की बायको पॅराशूट शिकतेय. सासूबाईंनी गोष्ट सोपी केली. त्यांनी शेजारी सांगून टाकलं, आमची सून अर्धी वकील होणार.

शिकवायला कोर्टातून निवृत्त झालेले एक साहेब होते. ते पहिल्याच तासाला म्हणाले, "ऐकलेलं पोटात ठेवायला शिका. ज्याच्या पोटात राहत नाही त्याने वर्तमानपत्रात नोकरी धरावी." सगळे हसले. धाकटी हसली नाही, तिने ते लिहून घेतलं. वर्गात ती सगळ्यांत मोठी होती आणि सगळ्यांत घाबरट. परीक्षेत ती चांगली पास झाली, पण पास झाल्याने भीती जाते असं थोडंच आहे.

नोकरी मिळाली ती कौटुंबिक खटले चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे. झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. आतल्या खोलीत वकीलबाई, बाहेर धाकटी आणि एक जुने कारकून. त्यांना सगळे फाइलकाका म्हणत, कारण जेवणाचा डबाही ते फाइलींच्या कपाटातच ठेवायचे. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वकीलबाई ओरडायच्या नाहीत, पण चुकलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने बारीक रेघ ओढून कागद परत ठेवायच्या. ती रेघ दिसली की धाकटी सगळा कागद पहिल्यापासून वाचायला घ्यायची. घरून निघताना गॅस बंद केला का, हे माणूस जसं दाराबाहेरून परत येऊन बघतं, तशी ती प्रत्येक तारीख परत परत बघायची. जिन्यावरून उतरून पुन्हा वर जायची. काका म्हणायचे, "बाई, तारीख पळून जात नाही. पक्षकार पळतात."

त्याच दिवसांत बेकरीवाली आली. पाव आणि बिस्किटं पाकिटात भरायचं काम करणारी, तिशीतली, सडपातळ बाई. बसायच्या आधी तिने खुर्ची हलवून भिंतीला पाठ लागेल अशी केली आणि मग बोलली. नवऱ्यापासून संरक्षणाचा आदेश हवा होता. धाकटीने हकिगत लिहून घेतली. शिकवल्याप्रमाणे आपले शब्द मध्ये घातले नाहीत, घाई केली नाही, तिचं वाक्य तिलाच पुरं करू दिलं. एका जागी बेकरीवाली थांबली आणि म्हणाली, "तो ओरडत नाही हो. ओरडला असता तर बरं झालं असतं, लोकांना ऐकू तरी गेलं असतं."

ती अजून त्याच घरात राहत होती. त्यामुळे अर्जाची कुणकुण नवऱ्याला आधी लागता कामा नये. न्यायाधीश एकाच बाजूचं ऐकून तात्पुरता आदेश देतील, तो हातात पडला की ती लहान मुलीला घेऊन आपल्या मावशीकडे जाणार आणि मगच त्याला नोटीस पोचणार, असं ठरलं. बोलायचं ते फक्त तिने बेकरीतल्या कपाटात ठेवलेल्या वेगळ्या फोनवर. तो नंबर धाकटीने स्वतः फाइलच्या कव्हरवर लाल शाईने लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

ही बाई पूर्वीही एकदा आली होती आणि धीर न होऊन परत गेली होती, हे धाकटीला ठाऊक नव्हतं. तेव्हा दिलेला घरचा नंबर ऑफिसच्या फोनमध्ये तिच्या नावाने तसाच पडून होता.

सुनावणीच्या आदल्या दिवशी वकीलबाई सकाळपासून कोर्टात होत्या. ऑफिसात झेरॉक्सचा गठ्ठा उलटासुलटा आला होता आणि काका व धाकटी तो लावत होते. लावता लावता तिला वाटलं, आठवणीचे फोन करून टाकावेत. एक हात गठ्ठ्यावर होता. दुसऱ्या हाताने तिने फोनमधली नावं खाली सरकवली, बेकरीवालीचं नाव आलं, बटण दाबलं. फाइल समोर नव्हती. नाव समोर होतं, मग फाइल कशाला लागते? पलीकडे फोन उचलला गेला आणि दवाखान्यातल्या इतक्या वर्षांची सवय तिच्या तोंडातून वाहू लागली.

"नमस्कार, वकीलबाईंच्या ऑफिसातून बोलतेय. उद्या सकाळी कौटुंबिक न्यायालयात तुमची सुनावणी आहे, त्याची आठवण करून द्यायला फोन केला. येताना ओळखपत्र विसरू नका हं."

पलीकडून झोपेतून उठलेल्या पुरुषाचा आवाज आला. "कोणाची सुनावणी?"

धाकटीच्या हाताखालचा गठ्ठा घसरला. तिने रिसीव्हर खाली ठेवला. ठेवला म्हणजे हात आपोआप तसा गेला. आणि लगेच टेबलावरचा तोच फोन वाजू लागला. काकांनी सवयीने हात पुढे केला, तर ती एवढंच म्हणू शकली, "नको, उचलू नका." फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. दोघं त्याच्याकडे बघत उभी राहिली. खाली झेरॉक्सचं मशीन नेहमीसारखं घरघरत होतं.

काय झालं ते तिने काकांना सांगितलं. काका खुर्चीत बसले. वाईट मनाचे नव्हते ते, उलट तिच्यावर त्यांची माया होती, म्हणूनच ते म्हणाले ते तिला मोहात पाडणारं होतं. ते म्हणाले, रॉंग नंबर समजेल तो. तू नाव घेतलं नाहीस. कोणाची सुनावणी ते त्याला कुठे कळलंय? उद्या सकाळी ती येईल, आदेश मिळेल, विषय संपला. तुझी नोकरी अजून कच्ची आहे, उगाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.

धाकटी मोरीवर गेली आणि हात धुतले. हातांना काही लागलं नव्हतं. तिला वाटलं, खरंच असेल तसं. माणूस झोपेत होता, हकिगतीत लिहिलं होतं तसा रात्रपाळीचा माणूस, परत कूस बदलून झोपला असेल. पण मग त्याने परत फोन का केला? आणि तो ओरडला नव्हता. 'कोणाची सुनावणी' हे त्याने असं विचारलं होतं, जणू कोणी पत्ता विचारतंय. नळ चालू ठेवून ती तशीच उभी होती आणि बेकरीवालीचं ते वाक्य तिच्या कानात होतं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिने नळ बंद केला, पर्स घेतली आणि काकांना म्हणाली, "मी कोर्टात जाते. मॅडमना सांगायला हवं."

"कळतंय ना काय होईल ते?"

"नाही कळत," ती म्हणाली. ते खरंच होतं.

कोर्ट चालत जाण्याइतकं जवळ होतं. चालताना तिला सारखं वाटत होतं की आपण पळायला हवं आणि पाय तेवढं ऐकत नव्हते. वकीलबाई आतल्या एका दालनात कोणाचा तरी युक्तिवाद खोडून काढत होत्या. मध्ये बोलता येत नव्हतं. धाकटी शेवटच्या बाकावर बसली. समोर न्यायाधीश शांतपणे लिहून घेत होते, पंखा फिरत होता, एक म्हातारे गृहस्थ शेजारी डुलक्या काढत होते, आणि तिला वाटत होतं की या क्षणाला तो माणूस शर्टाची बटणं लावत असेल. आता चप्पल घालत असेल. आता कुलूप लावत असेल. एक कागद उचलायला वकीलबाई मागे वळल्या तेव्हा त्यांना तिचा चेहरा दिसला. त्यांनी न्यायाधीशांकडे थोडा वेळ मागितला आणि बाहेर व्हरांड्यात आल्या.

"आधी सांगा. रडायचं ते नंतर."

तिने सांगितलं. काही गाळलं नाही, काकांनी काय सुचवलं तेवढं सोडून. वकीलबाईंचा चेहरा ऐकता ऐकता बदलला, पण आवाज बदलला नाही. त्यांनी विचारलं, न्यायालयाचं नाव घेतलं? उद्या म्हणालात? फोन परत किती वेळा वाजला? मग त्यांनी बेकरीवालीच्या वेगळ्या फोनवर फोन लावला. तो कपाटात वाजत असणार, कोणी उचलला नाही. बेकरीचा दुसरा नंबर कोणाकडे नव्हता.

"चूक कोणाची ते उद्या बघू," वकीलबाई म्हणाल्या. "मी सुनावणी आजच घ्या म्हणून विनंती करते. तुम्ही बेकरीत जा आणि तिला घेऊन या. आणि तिला खरं सांगा. त्याला काय कळलंय हे तिला माहीत नसेल तर ती स्वतःला सांभाळणार कशी?" जाता जाता त्यांनी एक गोष्ट बजावली. अजून आदेश झालेला नाही. कायद्याने बाप बापच आहे, आई आईच आहे. कोणाशी ओढाताण नाही, भांडण नाही, फक्त तिला आणणं.

टॅक्सीत बसल्यावर धाकटीने बोलायची वाक्यं मनात जुळवून पाहिली. सगळी वाक्यं 'माफ करा'ने सुरू होत होती.

बेकरीच्या मागच्या दारातून गरम हवेचा लोट आला. बेकरीवाली डोक्याला कपडा बांधून लांब टेबलाशी उभी होती आणि पाकिटांची तोंडं मशीनखाली दाबून बंद करत होती. धाकटीला पाहिलं आणि तिचा हात मशीनवरच थांबला. ऑफिसातलं माणूस इथे येणं म्हणजे चांगलं नाही, एवढं तिला कळलं.

"माझ्या हातून चूक झाली," धाकटी म्हणाली. "मी तुमच्या घरच्या नंबरवर फोन केला. त्यांनी उचलला."

बेकरीवालीने हातमोजे काढले. एकेक बोट सोडवत काढले. "काय बोललात? शब्दन् शब्द सांगा."

धाकटी फोनवर जसं म्हणाली होती तसंच तिने सगळं म्हणून दाखवलं. त्या भट्टीशेजारी स्वतःचा तो गोड सूर तिला ऐकवेना.

"कौटुंबिक म्हणालात?"

"हो."

बेकरीवालीने डोळे मिटले आणि उघडले. "मग तो इथे येणार नाही. तो शाळेत जाईल. मुलगी हातात असली की मी कुठे जाऊ शकत नाही, हे त्याला माहीत आहे." आणि ती दाराकडे निघालीसुद्धा. डोक्याचा कपडा तसाच होता. मालकाला तिने काय सांगितलं ते धाकटीला ऐकू आलं नाही, पण तो हातातलं घमेलं खाली ठेवून बाजूला झाला.

टॅक्सीत दोघींमध्ये एक हात अंतर होतं. बेकरीवाली पुढच्या सीटची पाठ धरून रस्त्याकडे बघत होती, जणू तिच्या बघण्यानेच गाडी पुढे सरकणार होती. एका सिग्नलला फार वेळ लागला. धाकटीला राहवलं नाही, तिने तोंड उघडलं.

"आत्ता नको," बेकरीवाली वळूनही न बघता म्हणाली. "तुमची माफी सांभाळायला मला आत्ता वेळ नाही."

शाळेच्या फाटकावरच्या शिपाईणबाईंनी बेकरीवालीला ओळखलं आणि आश्चर्याने म्हणाल्या की आत्ताच तर मुलीचे वडील आत गेले, आजी आजारी आहे म्हणून मुलीला न्यायला आलेत. वर्गात बोलावणं पाठवलंय.

व्हरांड्याच्या टोकाला मुख्याध्यापिकेची खोली होती. दाराला काच होती आणि काचेतून एका पुरुषाची पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, खुर्चीत सरळ, अदबीने बसलेला. खोलीच्या अलीकडेच जिना होता. तिथून मुलगी खाली येणार होती, आणि त्याने मान वळवली तर त्याला जिना दिसणार होता. बेकरीवाली भिंतीला चिकटून उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"तुम्ही जिन्यापाशी जा," धाकटी म्हणाली. "टॅक्सी थांबलेली आहे. मुलीला घ्या आणि थेट कोर्टात जा, मॅडम तिथे आहेत."

"आणि तो?"

उत्तर द्यायला थांबली असती तर धाकटी गेलीच नसती. ती पुढे झाली आणि दार ढकलून आत शिरली, दाराच्या काचेपाशी अशी उभी राहिली की काच तिच्या पाठीने झाकली जावी. मुख्याध्यापिकेला तिने सांगितलं की प्रवेशाची चौकशी करायची आहे, भाचीसाठी. मुख्याध्यापिका म्हणाल्या, जरा बाहेर बसा, यांचं आटोपू दे. धाकटी म्हणाली, एकच मिनिट, फार लांबून आलेय. मग ती बोलतच सुटली. वर्ग कितवीपासून, गणवेश कुठे मिळतो, डबा आणायचा का, बसची सोय आहे का. काय बोलत होती ते तिला स्वतःलाच कळत नव्हतं. ती दाराला टेकली. पाठीमागे जिन्यावर लहान पावलं वाजली. ती आणखी जोरात बोलू लागली.

तो माणूस तिच्याकडे वळून बघत होता. चेहरा देखणा होता, थोडा थकलेला. हा तोच, असं कोणी म्हटलं नसतं.

"तुमचा आवाज ओळखीचा वाटतो," तो म्हणाला.

"आवाजाला आवाज मिळतात," असं काहीतरी धाकटी म्हणाली.

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "मी आवाज विसरत नाही." तो उठला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, बसा ना, येईलच मुलगी. तो हसून म्हणाला, मीच बघतो. धाकटी दारातून हलली नाही. तो तिच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, हात लावला नाही, आवाज चढवला नाही, फक्त वाट बघत राहिला. वकीलबाईंनी ओढाताण नको म्हणून सांगितलं होतं. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि मग ती बाजूला झाली.

तो फाटकापर्यंत गेला. टॅक्सी वळणापलीकडे गेली होती. तो परत आला नाही, पण धाकटी बाहेर पडली तेव्हा फाटकापाशीच उभा होता. शिपाईणबाई तिथे होत्या, रस्त्यावर माणसं होती, भरदुपार होती, तरी तिला वाटलं की आपण एका बंद खोलीत आहोत.

"तिला सांगा," तो म्हणाला, "मी रागावलेलो नाही."

त्या दिवसात धाकटीने ऐकलेलं सगळ्यांत भयंकर वाक्य तेच होतं.

ती कोर्टात पोचली तेव्हा दालनाचं दार बंद होतं. आत तिला बोलावलं नाही. ती बाहेर बाकावर बसली. मुलगी तिथेच बसली होती, शेजारी तिची मावशीआजी होती, तिला वकीलबाईंनी बोलावून घेतलं होतं. मुलीने विचारलं, आजी खरंच आजारी आहे का. मावशीआजी म्हणाली, नाही ग, बरी आहे. मुलीने यावर बराच विचार केला आणि मग विचारलं, मग बाबा खोटं का बोलले. धाकटी जिन्याच्या तोंडाकडे बघत राहिली. प्रत्येक इस्त्रीचा शर्ट वर येताना दिसला की ती मुलीच्या आणखी जवळ सरकायची. तो आला नाही.

कामकाज संपत आलं तेव्हा दार उघडलं. आदेश झाला होता. बेकरीवाली हातात कागद धरून बाहेर आली. वकीलबाई तिला समजावत होत्या की कुठली प्रत कुठे द्यायची, तो जवळ आला तर कोणाला फोन करायचा. तिने सगळं ऐकलं, मग ती धाकटीसमोर येऊन थांबली. डोक्याचा कपडा अजून तसाच होता.

"तुम्ही आलात आणि खरं सांगितलंत, ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "पण फोन तुम्हीच केला होतात. तेही विसरणार नाही. माझ्या कामाला दुसरं कोणी द्या."

धाकटीने मान हलवली. मुलीचा हात धरून बेकरीवाली निघून गेली. तिघी जिना उतरून दिसेनाशा झाल्या. मग शाळेत काय झालं ते वकीलबाईंनी विचारून घेतलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्या म्हणाल्या, त्या खोलीत जायचं तुमचं काम नव्हतं. तुम्हाला काही झालं असतं तर? मी तुम्हाला आणायला पाठवलं होतं, अडवायला नाही.

घरी नवरा आधीच आला होता. तिचा चेहरा पाहून त्याने चहा ठेवला. ती खुर्चीत बसली आणि रडू लागली. सासूबाई आतून आल्या, काय झालं विचारू लागल्या. धाकटी म्हणाली, सांगता येत नाही. सासूबाईंना हे पटलं नाही, घरच्यांना सांगता येत नाही असं काय असतं? पण नवऱ्याने आईला खुणेने थांबवलं.

"नोकरी गेली का, तेवढं सांगता येईल?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"बरं. मग चहा घे."

तिने चहा घेतला. त्या रात्री, आणि नंतरही कित्येक रात्री, तिला तो शांत आवाज ऐकू येत राहिला. ते कोणालाच सांगता येत नाही, हे त्यातलं सगळ्यांत जड होतं. पोटात ठेवायचं म्हणजे काय ते साहेबांनी वर्गात सांगितलं होतं, पण ते पोटात दुखतं हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती राजीनामा लिहूनच गेली. वकीलबाईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. म्हणाल्या, "जुना नंबर फोनमध्ये राहिला ती माझ्या ऑफिसची चूक. न बघता बटण दाबलंत ती तुमची. माझी चूक मी काल रात्री बसून दुरुस्त केली, सगळे नंबर पुसलेत. तुमची तुम्हाला करावी लागेल." नोकरी मात्र लगेच कायम होणार नव्हती. अशिलांना फोन करण्याचं काम तूर्त काकांकडे गेलं. काका खाली मान घालून ऐकत होते. नंतर त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी पोळी मुकाट्याने तिच्यापुढे सरकवली.

"आणि एक," वकीलबाई म्हणाल्या. "तिच्यासमोर तुम्ही जायचं नाही, ते तिने सांगितलंय आणि तिचा हक्क आहे. पण आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात नोंदवायची राहिलीय. त्या कामाला ती समोर लागत नाही."

पोलीस ठाण्यात गर्दी होती. कोणाची सायकल चोरीला गेली होती, कोणाचं शेजाऱ्याशी भांडण. टेबलामागच्या हवालदारांनी धाकटीचा कागद वरवर पाहिला आणि म्हणाले, ठेवून जा, साहेब आले की बघतील. टेबलाच्या कडेला तशाच ठेवून दिलेल्या कागदांची चळत होती, वरच्या कागदावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता.

एरवी धाकटी 'बरं' म्हणून निघाली असती. ती घाबरलेली होतीच. हवालदारांना, खाकी कपड्यांना, त्या खोलीतल्या मोठ्या आवाजांना. तिने कागद परत उचलून छातीशी धरला.

"शिक्का आणि सही घेतल्याशिवाय मला जाता येणार नाही," ती म्हणाली.

"वेळ लागेल."

"लागू दे."

तिने भिंतीजवळचं एक स्टूल ओढलं, त्यांना टेबलावरून दिसेल असं ठेवलं आणि त्यावर बसली. हवालदारांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. ती बसूनच राहिली.